वाचकांचे प्रश्न : साथीच्या दिवसांतील घर आणि बाहेर

२०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातील कोरोनाचे निर्बंध उठले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरीही वऱ्हाडातून आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तो काळ अजून चालूच असल्यासारखा भेटतो. गावागावांत तेव्हा घर कशाला म्हणायचे आणि बाहेरचे कुणाला म्हणायचे, याचे निर्णय घाईने झाले आणि त्यांचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. या अंकात त्यांपैकी काही पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि गावांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. टाळेबंदीत आमच्या सासूबाईंनी घरात कडक शिस्त लावली होती. चपला फाटकाबाहेर, भाजी मिठाच्या पाण्यात, नोटा अंगणात उन्हात, आणि दुधाचे भांडे राखेने घासल्याशिवाय आत नाही. संध्याकाळी मात्र चुलत सासरे, दीर आणि नणंदेकडची माणसे छपरीत (घरापुढच्या पडवीत) येऊन बसत, एकाच ताटलीतले शेंगदाणे खात आणि त्यावर मी काही बोलले की 'ते काय बाहेरचे आहेत का?' असे उत्तर मिळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही घरातील सगळेच एका पाठोपाठ एक आजारी पडलो. एवढी काळजी घेऊनही आजार घरात आला कसा, असे सासूबाई आजही विचारतात आणि भाजीवाल्याला दोष देतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : ताई, सासूबाईंनी घेतलेले कष्ट खरे होते आणि २०२० च्या उन्हाळ्यात लोकांना जे सांगितले जात होते त्याला धरूनच होते. वस्तूंना हात लागून आजार पसरेल ही भीती तेव्हा जाणकारांनाही होती. पुढे हे स्पष्ट होत गेले की हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बोलताना, हसताना, खोकताना तोंडातून निघालेले अतिसूक्ष्म तुषार बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या पत्रकात असे कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगून दारे-खिडक्या उघड्या ठेवण्यावर भर दिला होता. शिवाय लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच इतरांना आजार देऊ शकतो, त्यामुळे तुमच्या छपरीत येऊन बसणारे पाहुणे त्या संध्याकाळी ठणठणीतच दिसत असणार. भाजीवाला उघड्या गल्लीत पाच मिनिटे उभा राहून पुढे जात होता, आणि घरची माणसे फेब्रुवारीच्या गारठ्यात छपरीची ताडपत्री खाली सोडून तास दोन तास समोरासमोर बसत होती. यांतला धोका कुठे जास्त होता, हे आता सांगणे अवघड नाही.

पण तुमच्या पत्रातील महत्त्वाचा भाग विषाणूविषयी नाही, तो सासूबाईंच्या त्या एका वाक्यात आहे. हवा कुठे कोंडते आणि कुठे मोकळी वाहते, यावरून आपण घर आणि बाहेर ठरवले नाही. कोण आपला आणि कोण परका, यावरून ते ठरवले. त्या काळातील कोणतेही गाव आठवून पाहा. तलाठी किंवा ग्रामसेवक आला की नाकावर चढणारा रुमाल साळा आला की खाली उतरत असे. आशा सेविका त्याच गावची सून असली तरी दवाखान्यात जाऊन आलेली म्हणून तिला फाटकाबाहेरून बोलावे लागे, आणि तेरवीला आलेली दहा गावची सोयरी मात्र एकाच मांडवात एका पंगतीला जेवून जात. या सगळ्यात लोकांना आजाराची भीती नव्हती असे मुळीच नाही. भीती भरपूर होती, पण ती नात्याच्या माणसाजवळ आली की विरघळत होती.

याचे कारण अज्ञानात शोधू नये, असे मला वाटते. खेड्यातल्या माणसाला पेरणीच्या वेळी बैलजोडी, आजारपणात उसने पैसे, मुलीच्या लग्नात उभे राहणारे हात हे सारे भावकीतूनच मिळते. चुलत सासऱ्यांना 'तुम्ही आज अंगणातच बसा' असे सांगण्याची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागली असती. भाजीवाल्याला अडवण्याची किंमत शून्य होती. त्यामुळे जिथे सावधगिरी स्वस्त पडत होती तिथे लोकांनी ती मनसोक्त वापरली आणि जिथे ती महाग होती तिथे टाळली. भाजीवाला, भांडीवाली, पालावर राहणारे भटके लोक यांच्यावर सर्वात जास्त संशय का घेतला गेला, याचे उत्तरही इथेच आहे. ज्यांच्या वस्त्या आधीपासूनच गावाच्या कडेला होत्या, त्यांच्यासाठी साथीने नवीन काही आणले नाही, एवढेच की जुन्या अंतराला आरोग्याचे कारण मिळाले.

विश्वासाच्या वाटेने आजार घरात येतो हे प्रशासनालाही उशिराच उमगले. आधी बराच काळ सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णांना घरीच वेगळे राहू दिले जात होते. मे २०२१ च्या अखेरीस मात्र राज्य शासनाने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांत आपल्या विदर्भातील जिल्हेही होते. दोन खोल्या, एक न्हाणी आणि एकच संडास असलेल्या घरात वेगळे राहायचे कसे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून कुणीतरी विचारायला हवा होता.

सासूबाईंना हे सारे एकदम सांगू नका आणि घरातील आजारपण त्यांच्या छपरीमुळे आले असेही म्हणू नका; ते सिद्ध करता येणार नाही आणि ऐकवलेही जाणार नाही. घरात पुन्हा कुणाला ताप-खोकला येईल तेव्हा त्या माणसाची खाट मोकळ्या छपरीत टाका, समोरची ताडपत्री गुंडाळून ठेवा, आणि खोकणारा पाहुणा सख्खा असो की परका, त्याची खुर्ची अंगणात मांडण्याची प्रथा घरात रूढ करा. खुर्ची सर्वांचीच अंगणात मांडली गेली तर कुणाचा अपमान होत नाही. भाजीवाल्यावरचा राग मात्र काढून टाकायला हवा, आणि ते काम तुमच्यापेक्षा तुमच्या यजमानांनी केलेले बरे.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. २०२० च्या मार्चमध्ये मी, पत्नी आणि गावातील आणखी काही जण तेलंगणात मिरची तोडायला गेलो होतो. गाड्या बंद झाल्यावर आम्ही पायी निघालो. वाटेत उपासमार झाली, पोलिसांनी हटकले, पण गावात पोचलो की सुटलो हाच विचार मनात होता. पोचलो तर गावाच्या रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकलेल्या आणि आमच्याच वयाची मुले काठ्या घेऊन उभी. आम्हाला चौदा दिवस शाळेत ठेवले. आई डबा आणायची, तो फाटकाजवळ ठेवून मागे सरकायची. आता सगळे पूर्वीसारखे बोलतात, पण मला ते गाव माझे वाटत नाही. माझे काही चुकते का?

उत्तर : नाही भाऊ, तुमचे चुकत नाही. पण तुमच्या मनात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत आणि त्या सुट्या करून पाहिल्या तर थोडे हलके वाटेल.

चौदा दिवस वेगळे ठेवणे योग्य होते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जास्तीत जास्त तेवढा काळ जातो असा तेव्हाचा अंदाज होता, आणि घरी म्हातारी माणसे असताना थेट घरात जाणे तुम्हालाही नको वाटले असते. काठ्या घेऊन उभे राहणे मात्र योग्य नव्हते. थांबवायचेच होते तर शिवेवर पाण्याचा ड्रम, सावली आणि एक जबाबदार माणूस ठेवून थांबवता आले असते. सरपंच, पोलीस पाटील, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे हे काम सोपवलेले होते. ते तरुणांच्या टोळीच्या हाती गेले, तिथे गावाचे चुकले.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आपलाच एक सण पाहावा लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपण दारावरच्या पळसाच्या फांद्या उचलून शिवेबाहेर टाकतो आणि रोगराई, खोकला, ढेकूण, डास 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकापासून निघते. या विधीत रोग गावाच्या बाहेरचा आहे आणि त्याला शिवेपलीकडे ढकलले की गाव शुद्ध होते, अशी कल्पना आहे. मला हा सण आवडतो, कारण त्यात राग एका पुतळ्यावर आणि फांदीवर निघतो, माणसावर नाही. २०२० मध्ये मात्र समोर पुतळा नव्हता, पायी चालून आलेली माणसे होती. शिवेपलीकडे ढकलण्याची ती जुनी सवय तुमच्यावर येऊन पडली.

त्यातही सर्वांना एकच माप लागले का, हे आठवून पाहा. पुण्याहून किंवा नागपूरहून चारचाकीने आलेला मुलगा, ज्याच्या वडिलांचे गावात वजन होते, तो रात्री मागच्या दाराने घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी ते सर्वांना कळूनही कुणी काही बोलले नाही, अशा तक्रारी मी अनेक गावांत ऐकल्या आहेत. तुमचा सल बहुधा अडवले गेल्याचा नाही, निवडून अडवले गेल्याचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की त्या चौदा दिवसांत घर हे तुमच्यासाठी आणि गावासाठी वेगवेगळ्या जागी होते. शेकडो किलोमीटर चालताना तुमच्या डोळ्यांपुढे संपूर्ण गाव हेच घर होते. पार, पांदण, तलाव, सगळे. काटीच्या आत उभ्या असलेल्यांसाठी मात्र घर म्हणजे त्या क्षणी जे आत होते तेवढेच. दोघांचीही भीती खरी होती, पण तुमची भीती चालून थकली होती आणि त्यांची घरात बसून वाढली होती. आईच्या बाबतीत तर मी स्पष्टच सांगेन : तिला मागे सरकायला सांगितले गेले होते. डबा कुणाच्याही हाती पाठवता आला असता, तरी ती स्वतः येत होती, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे.

हा विषय मनात ठेवू नका, ग्रामसभेत आणा. तुमच्या भागातून आजही हिवाळ्याच्या अखेरीस माणसे मिरची तोडायला जातात. उद्या पुन्हा साथ आली तर ती पुन्हा याच रस्त्याने परत येतील. परत येणाऱ्यांना कुठे उतरवायचे, स्त्रियांसाठी संडास आणि न्हाणीची सोय कोणती, पांघरुणे कोण देईल, संध्याकाळी अंतर ठेवून त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कोण जाईल, हे लिहून ठेवण्याचा ठराव मांडा. काही गावांनी त्या उन्हाळ्यात परतलेल्यांना स्वतःच्या वावरातील खोपडीत राहू दिले होते आणि ती सोय शाळेच्या बंद खोलीपेक्षा सर्वच अर्थांनी बरी होती. ठराव मांडताना तुमच्यावर काय गुजरले ते सांगा. काठ्या घेऊन उभी असलेली ती मुले आता तुमच्यासारखीच बापमाणसे झाली असतील, आणि त्यांतला एखादा ते ऐकून नंतर तुमच्याकडे येईल अशी मला आशा आहे. तो आला नाही तरी ठराव उपयोगाचाच आहे.

प्रश्न : माझे वय ८१ असून मी बुलढाणा जिल्ह्यात राहतो. माझे आजोबा सांगत की प्लेगमध्ये घरात उंदीर पडू लागले की सारे गाव उठून वावरात झोपड्या बांधून राही. कोरोनात मात्र आम्हाला घराबाहेर पाऊल टाकू नका असे सांगितले. मग शहाणपण कोणते खरे मानावे?

उत्तर : काका, आपल्या आजोबांचे शहाणपण त्या रोगासाठी अचूक होते. प्लेग हा उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात आणि माणसाला चावतात. पिसवांचा हा संबंध १८९८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिला, पण त्याआधीच लोकांनी अनुभवाने ओळखले होते की उंदीर पडलेले घर सोडले पाहिजे. धान्याच्या कणग्या, मातीच्या भिंती आणि त्यांतली बिळे यांमुळे घर हीच तेव्हा सर्वांत धोक्याची जागा होती, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनीही पुढे गावे रिकामी करण्याचा उपाय उचलून धरला. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत घर की रान हा प्रश्नच नव्हता, तिथे विहिरीचे पाणी मारत होते. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, श्वासाची होती. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हे देशातील सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी होते. तेव्हा वावरात पळूनही फारसा उपयोग झाला नाही, कारण आजार पळणाऱ्यांच्या सोबतच गेला.

२०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदा तोच, १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी केलेला. पुण्यात गोरे सैनिक रुग्ण शोधायला घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी तपासणी झाली ती मात्र गावच्याच आशा सेविकेने दारात उभे राहून, तापमापी आणि ऑक्सिमीटर हातात घेऊन केली. कुरबुर झाली, पण उद्रेक झाला नाही.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडे वादाचे आहे. 'घरातच थांबा' हा आदेश शहरातील सदनिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला होता. ज्याच्याकडे वावर आणि वावरात खोपडी होती, त्याच्यासाठी आजोबांचा उपाय कोरोनातही चांगला ठरला असता, कारण मोकळ्या हवेत हा विषाणू फार कमी पसरतो. अट एवढीच की साऱ्या भावकीने एकाच झोपडीत दाटी करू नये.

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराची बायको आहे. हल्ली टीव्हीवर आणि मोबाईलवर लोक सांगतात की टाळेबंदीत घरातली माणसे एकत्र आली, किती छान दिवस होते. मला राग येतो. आमच्या घरात तेव्हा कापूस भरलेला होता, झोपायला जागा नव्हती, अंगाला खाज सुटायची आणि माणसे दिवसभर घरात बसून चहा मागायची. वावरात गेले तरच मला श्वास घेता येई. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही लिहिले ते त्या वर्षी वऱ्हाडातल्या असंख्य घरांत घडले, फक्त ते सांगायला कुणी कॅमेऱ्यासमोर आले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कापसाची खरेदी थांबली आणि ती पुन्हा सुरू झाली तरी इतकी हळू चालली की अनेकांचा कापूस जून उजाडला तरी घरातच होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता आणि खासगी व्यापारी त्याहून बराच कमी देत, त्यामुळे कापूस पडेल भावात विकावा की घरातच ठेवून अडचण सोसावी, एवढाच पर्याय उरला होता. उन्हाळ्यात साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि त्याने येणारी खाज लहान मुलांना रात्रभर झोपू देत नाही, हे ज्याच्या घरात गंजी लागली आहे त्यालाच माहीत. एरवी माणसे ज्या खोलीत राहतात ती खोली मालाची झाली आणि माणसे कडेला गेली.

घर ही विसाव्याची जागा आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्या घरात विसाव्याची कामे दुसरे कुणीतरी करत असते. बाई मजुरीला जाते, निंदायला जाते, वेचणीला जाते, तेव्हा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चार जणींबरोबर डबा उघडून ती जे बोलते ते घरात बोलता येत नाही. मार्चच्या अखेरीस शेतीकामांना टाळेबंदीतून सूट मिळाली, हे सरकारने पिकासाठी केले, पण त्याचा सर्वांत मोठा फायदा तुमच्यासारख्या बायकांच्या मनाला झाला असावा, असे मला वाटते. वावर हे तुमच्यासाठी बाहेर नव्हते, ते तुमचे दुसरे आणि बहुधा अधिक मोकळे घर होते.

ज्यांना ते दिवस छान वाटले त्यांच्याशी भांडू नका. शहरात एखाद्याला वर्षानुवर्षांनी आईच्या हातची भाकरी रोज मिळाली असेल तर तेही खरेच आहे. पण कुणी विचारले तर तुमचा अनुभव दबून सांगू नका. तुमच्या मुलांना तरी तो सांगाच, विशेषतः मुलग्यांना.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातून लिहितो आहे. एप्रिल २०२१ मध्ये आईला शहरातील रुग्णालयात नेले आणि ती परत आली नाही; अंत्यसंस्कारही तिकडेच झाले, आम्ही दुरून पाहिले. तेव्हापासून वडील अंगणाबाहेर पडत नाहीत. बाजार, लग्न, देऊळ सगळे बंद. खिडक्या लावून बसतात, कुणी खोकले की आत जातात. वावर मी पाहतो. गावातले म्हणतात, वय झाले, सोडून दे. काय करावे?

उत्तर : सोडून देऊ नका. यात दोन ओझी आहेत : एक भीतीचे आणि दुसरे न झालेल्या निरोपाचे.

भीती टाळल्याने वाढते. वडील ज्या ज्या वेळी बाहेर जाण्याचे टाळतात, त्या त्या वेळी त्यांना तात्पुरते बरे वाटते आणि 'बाहेर गेलो असतो तर काहीतरी झाले असते' हा समज आणखी पक्का होतो. म्हणून त्यांना एकदम बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात ओढून नेऊ नका. एकदा घाबरून परतले तर पुढचे सहा महिने जातील. दिवसातून काही वेळ एक खिडकी उघडण्यापासून सुरुवात करा. मग फाटकापर्यंत, मग पहाटे पांदणीने वावरापर्यंत, जिथे माणसांची गर्दी नाही आणि हवा मोकळी आहे. कपाशीत बोंडअळी दिसते का, तुरीला फूल कसे आहे, हे त्यांना विचारा आणि खरेच त्यांच्या सल्ल्याने एखादे काम करा. मास्क लावून जायचे असेल तर लावू द्या. एका पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबा, मगच पुढची.

दुसऱ्या ओझ्याविषयी बोलायला घरात कुणी धजत नसेल. तुमच्या आईला बाहेरच्या जगाने नेले, असे वडिलांच्या मनात असणार, आणि घर ही तिची उरलेली एकमेव जागा आहे. तेरवीला माणसे जमली नसतील, तर तिच्या तिथीला मोजक्या लोकांना बोलावून जे करायचे राहिले ते आता करा. पाच वर्षांनी केले तरी चालते. आपले शास्त्र आणि आपली माणसे दोन्ही याला मुभा देतात.

मात्र झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, 'मी कशाला उरलो' असे ते म्हणत असतील, तर एवढ्याने भागणार नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात तुम्ही आधी एकटे जाऊन डॉक्टरांशी बोलू शकता. आपल्या भागात शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला होता आणि त्यात आशा सेविकांना अशी माणसे ओळखण्याचे काम दिले होते, तेव्हा गावच्या आशाताईंनाही विश्वासात घ्या. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे विसरून चालत नाही : फवारणीची औषधे घरात किंवा कोठ्यात उघडी ठेवू नका, पेटीला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. हे आजच करा; वावरापर्यंतची फेरी आठवडाभराने सुरू झाली तरी चालेल.